बीडच्या वाटेवरची चालती घरं

धुळ्याहून सोलापूरला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५२ शहागडच्या पुलावरून गोदावरी ओलांडतो आणि बीड जिल्ह्यात उतरतो. दिवाळी झाली की पुढचे दोन-तीन आठवडे या महामार्गावर आणि त्याला फुटणाऱ्या फाट्यांवर वेगळीच वर्दळ सुरू होते. ट्रॅक्टरच्या जोडट्रॉल्यांमध्ये अख्खे संसार भरून ऊसतोडीच्या टोळ्या निघालेल्या असतात. कार्तिकी पौर्णिमेला कपिलधार गाठायचं म्हणून पायी दिंड्या रस्त्याच्या कडेनं चालत असतात. वेरूळ पाहून विजापूर-हंपीकडे जाणारे परदेशी प्रवासीही याच रस्त्याला लागतात, कारण सरळ वाट हीच. गाडीतच राहून बीड जिल्हा बघायचा असेल, तर याच दिवसांत निघावं असं माझं ठाम मत आहे. पाऊस उघडलेला असतो, बालाघाटाच्या डोंगरांवरची हिरवाई पुरती गेलेली नसते आणि वाटेवर सोबत भरपूर मिळते.

आमची गाडी साधी मारुती ईको. गाडीच्या मूळ रचनेत कायमचा बदल करायचा तर आरटीओची परवानगी लागते, म्हणून काहीही न कापता सुताराकडून काढता-घालता येणारी प्लायवूडची फळी करून घेतली. सीट पाडल्या की त्यावर फळी बसते आणि दोघांना आडवं होण्यापुरती जागा होते. फळीखाली छोटी गॅसशेगडी, डब्यांची पेटी आणि पाण्याचे दोन जार. खिडक्यांना जाळी मी घरीच शिवली. माझं माहेर अंबाजोगाईचं, त्यामुळे जिल्हा ओळखीचा होता. पण एसटीच्या खिडकीतून पाहिलेला जिल्हा आणि रात्री कुठं थांबायचं हे ज्याचं त्याला विचारत पाहिलेला जिल्हा, यांत फार अंतर आहे.

गेवराईहून आधी राक्षसभुवनला वळलो. गोदावरीच्या दक्षिण काठावरचं हे गाव शनीच्या दर्शनासाठी प्रसिद्ध. इतिहासात ते १० ऑगस्ट १७६३ च्या लढाईनं आलं. निजाम अली मोठ्या फौजेनिशी नदीपलीकडे गेला होता आणि दिवाण विठ्ठल सुंदर पिछाडीच्या सैन्यासह अलीकडेच राहिला होता. नदीला श्रावणातलं पाणी होतं. मराठ्यांनी नेमकी ही वेळ साधली. विठ्ठल सुंदर लढाईत मारला गेला. माधवराव पेशवे तेव्हा अवघे अठरा वर्षांचे होते. घाटाच्या पायऱ्यांवर बसून पात्राकडे पाहिलं की फौज अर्धी अलीकडे आणि अर्धी पलीकडे राहणं म्हणजे काय, ते नकाशापेक्षा चांगलं कळतं. या काठाला इथले लोक गंगथडी म्हणतात. काळी, खोल जमीन, उसाचे आणि कापसाचे पट्टे. याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला आष्टी-पाटोदा-शिरूर कासारची हलकी, मुरमाड, पावसाच्या भरवशावरची जमीन आहे. इथल्या गावागावांतून माणसं दरवर्षी घर उचलून का निघतात, याचं निम्मं उत्तर या दोन जमिनींतच आहे.

बीड शहरात १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, अहिल्यानगरकडची प्रवासी रेल्वे सुरू झाली. परळीला रेल्वे जुनीच आहे, पण जिल्ह्याच्या ठिकाणी गाडी यायला पिढ्या गेल्या. कंकालेश्वराचं मंदिर कुंडाच्या मधोमध उभं आहे. कोरीव काम सकाळच्या तिरप्या उन्हात पाहावं. माझं मन मात्र शहराबाहेर सोलापूर रस्त्यालगतच्या खजाना विहिरीत जास्त रमलं. सोळाव्या शतकात, मूर्तजा निजामशहाच्या काळात सलाबतखानानं ही विहीर बांधून घेतली. भूमिगत बोगद्यातून झऱ्यांचं पाणी विहिरीत येतं आणि पुढं बोगद्यातूनच उताराच्या शेतांकडे जातं. मोट लागत नाही, पंपही लागत नाही. ऐन उन्हाळ्यातही हिचं पाणी आटत नाही म्हणून तिचा लौकिक. ज्या जिल्ह्याच्या नावापुढे दुष्काळ हा शब्द आपोआप चिकटतो, तिथं चारशे वर्षांपूर्वी पाण्याचा एवढा बारकाईनं विचार झाला होता, हे बीडला येणाऱ्या प्रत्येकानं पाहायला हवं.

मांजरसुंबा हे चौफुलीचं गाव आहे. सोलापूरचा महामार्ग इथं पाटोदा-जामखेड आणि केज-अंबाजोगाईच्या रस्त्याला छेदतो. धाब्यांवर रात्रभर जाग असते आणि रबडीच्या पाट्या लांबूनच दिसतात. धाब्याच्या मागच्या मोकळ्या जागेत ट्रकच्या रांगेत गाडी लावायला मालकानं लगेच हो म्हटलं. अट एकच, जेवण इथंच करायचं. तिथंच पांढऱ्या, उंच छपराच्या व्हॅनमधून आलेलं एक फ्रेंच जोडपं भेटलं. दोघं साठीच्या पुढचे. वेरूळ झालं होतं, आता हंपीला निघाले होते. शेंगदाण्याची चटणी त्यांना फार आवडली. बाईंनी ती कशी कुटायची ते वहीत लिहून घेतलं आणि बदल्यात त्यांच्या गाडीचा कोपरा न् कोपरा दाखवला. पाण्याची टाकी, सांडपाण्याची वेगळी टाकी, एवढ्याशा कपाटात बसवलेला संडास.

त्यांच्या देशातली व्यवस्था त्यांनी सविस्तर सांगितली, आणि ती ऐकण्यासारखी आहे. फ्रान्समध्ये लहान-लहान गावांच्या नगरपालिकाही अशा गाड्यांसाठी थांबे बांधतात. तिथं पिण्याच्या पाण्याचा नळ असतो, सांडपाणी सोडायला जाळीची मोरी असते आणि संडासाची टाकी रिकामी करायची सोय असते. काही थांबे फुकट, काहींना थोडे पैसे पडतात. गावाचा हिशोब साधा आहे: माणूस रात्री थांबला की सकाळी बेकरीत जातो, बाजारात जातो. त्याखेरीज १९९३ पासून ‘फ्रान्स पॅशन’ नावाची योजना चालू आहे. द्राक्षबागायतदार, चीज करणारे, शेतकरी आपल्या आवारात अशा गाडीला एक रात्र फुकट थांबू देतात. काही विकत घेतलंच पाहिजे अशी सक्ती नसते, पण गाडीत स्वतःचा संडास हवाच. बाई म्हणाल्या, नवख्या ठिकाणी त्या पहिल्यांदा देखावा बघत नाहीत. संडास कुठं आणि पाणी कुठं, ते बघतात. हे वाक्य पुढं सबंध प्रवासात माझ्या कानात राहिलं.

आमच्याकडे मुक्कामाची रीत वेगळी आहे आणि ती फार जुनी आहे. बीड जिल्हा गडांचा जिल्हा, आणि हे गड लढाईचे नव्हेत, संतांचे. नारायणगडाला धाकटी पंढरी म्हणतात; पाटोद्याकडे वामनभाऊंचा गहिनीनाथगड; नगरच्या सीमेवर भगवानबाबांचा भगवानगड. अशा ठिकाणी आलेल्या माणसाला जेवण विचारतात आणि पाठ टेकायला सतरंजी देतात. आषाढीला तर जिल्ह्याचे रस्ते पालख्यांनी भरून जातात. पैठणची नाथांची पालखी रायमोहा-पाटोद्यावरून जाते, मुक्ताईची बीड शहरातून, शेगावच्या गजानन महाराजांची परळी-अंबाजोगाईवरून. कोणत्या गावात कोणाच्या वाड्यासमोर पालखी टेकणार आणि कोणाच्या घरची भाजी-भाकरी येणार, हे पिढ्यांपासून ठरलेलं आहे. त्यामुळे गाडी घेऊन गेलेल्या आमच्यासारख्यांनाही गावं परकं मानत नाहीत. देवळाशी थांबून विचारायचं, “रात्रीपुरती गाडी लावली तर चालेल का?” पुढचा प्रश्न ठरलेला असतो: “जेवलात का?”

मांजरसुंब्याजवळच डोंगराच्या घळीत कपिलधार आहे. लिंगायत समाजाचे संतकवी मन्मथस्वामी यांची इथं समाधी आहे. ‘परमरहस्य’ हा त्यांचा ग्रंथ मराठवाड्यातल्या लिंगायत घरांत आजही सप्ताहात वाचला जातो. कार्तिकी पौर्णिमेच्या यात्रेला लातूर, नांदेड, परभणीकडून दिंड्या चालत येतात, कर्नाटक-तेलंगणातूनही येतात. प्रत्येक दिंडीमागे एक टेम्पो. त्यात पातेली, पिठाची पोती, वळकट्या, आणि चालवेनासं झालेली दोन-चार म्हातारी माणसं. टेम्पो पुढं जाऊन चुली मांडतो, मंडळी मागून पोचतात. “शरणार्थ” म्हणत एका दिंडीनं आम्हाला पंक्तीला बसवलं. शेजारी बसलेल्या उदगीरकडच्या मावशींचे पाय टाचेपासून घोट्यापर्यंत सुजले होते. पायांना तेल चोळता चोळता त्या म्हणाल्या, “पायाचं काय नाही ताई, पाय गरम पाण्यात घातले की झालं. पण आम्ही बाया तीनला उठतोत. उजाडलं की आडोसा कुठं राहतो?” गडी माणसं पाचला उठली तरी चालतं, बायांना दोन तासांची झोप सोडावी लागते. धबधब्याखाली आंघोळीला झुंबड होती, जयघोषानं घळ दणाणत होती. आणि मी दर थोड्या वेळानं रस्त्याच्या कडेचा मोकळा माळ बघत होते, जिथं खरोखरच आडोसा नव्हता.

तिथून पाटोद्याची वाट धरली. वाटेत नायगावचं मयूर अभयारण्य लागतं. १९९४ साली ते जाहीर झालं. आत मुक्काम करता येत नाही, आणि करूही नये. पहाटे अभयारण्याच्या कडेनं गाडी हळू चालवली तर मोर रस्त्यावर येतात. पुढं जामखेडच्या हद्दीला लागून सौताडा आहे. सपाट माळावरून चालणारी विंचरणा नदी इथं एकाएकी खोल दरीत पडते आणि दरीच्या तळाशी रामेश्वराचं देऊळ आहे. पावसाळ्यात इथं गर्दी असते. कार्तिकात धार बारीक झालेली असते, पण दरी शांतपणे बघता येते.

सौताड्याजवळ मोठ्या लिंबाखाली ऊसतोडीची एक टोळी थांबली होती. ट्रॅक्टरच्या चाकाचं काम निघालं होतं आणि दुरुस्तीला वेळ होता. पुढं कर्जत-करमाळ्यावरून सोलापूर जिल्ह्यातल्या कारखान्यावर जायचं होतं. ट्रॉली कशी भरली होती ते मी उभी राहून पाहिलं. तळाला बाजरी-ज्वारीची पोती, कारण निदान पहिले महिने तरी धान्य विकत घ्यायचं नाही. त्यावर पत्र्याच्या पेट्या आणि भांड्यांची बाचकी. कडेनं उभे बांधलेले बांबू आणि गुंडाळलेल्या ताडपत्र्या, म्हणजे तिकडची कोप. सरपणाचा भारा, डालग्यात कोंबड्या, फाळक्याला बांधलेली शेळी, दोन सोलरचे दिवे, आणि फडक्यात घट्ट बांधलेले कोयते. या सगळ्याच्या वर माणसं बसणार. आमच्या फळीखालचा संसार मांडताना आम्ही महिनाभर विचार केला होता. इथं एका रात्रीत भरलेल्या ट्रॉलीत एकही वस्तू जागा सोडून नव्हती.

एक मावशी आमच्या गाडीपाशी आल्या. “तुमची बी टोळीच का?”

“नाही मावशी, फिरायला निघालोत.”

“फिरायला? घर घेऊन?” त्यांनी दार सरकवून आत बघितलं, फळी दाबून पाहिली, जाळी चाचपली. “निजायचं चांगलं केलंय. संडासाचं काय?”

पेट्रोलपंपावर जातो, धाब्यावर जातो, असं मी सांगितलं. त्या म्हणाल्या, “तुम्हाला पंपावर जाऊ देतेत. ट्रॉलीतून उतरलेल्या बाईला कोण जाऊ देतंय?”

बीडमधून दरवर्षी लाखो माणसं अशी निघतात. १९७२ च्या दुष्काळानंतर हे प्रमाण फार वाढलं. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादमाकडून हंगामाआधी उचल घ्यायची आणि सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर नाहीतर कर्नाटकातल्या फडांत ती फेडायची. तोडणीचा हिशोब टनावर होतो. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, ती संप आणि वाटाघाटींनंतर. उसाचं वाढं विकून रोजचा भाजीपाला, चहा-साखर भागते. एक दिवस काम चुकलं की खाडा, म्हणजे पैसे कापले जाणार. मावशींच्या दोन नातवंडांना यंदा गावातच, हंगामी वसतिगृहात ठेवलं होतं. सून बरोबर होती, तिच्या कडेवर वर्षाचं पोर.

“आमची पिशवी काढलेली हाय, माझी बी आन् हिची बी,” मावशी म्हणाल्या. सुनेचं वय तिशीच्या आतच असावं. बीडमधल्या या शस्त्रक्रियांचा विषय २०१९ साली राज्यभर गाजला, तेव्हा डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. कारणं एकात एक गुंतलेली आहेत. पाळीत फडावर ना पाणी ना आडोसा, त्यातून होणारे आजार, खाड्याची धास्ती, आणि ‘काढून टाका, मोकळं व्हा’ असं सांगणारे दवाखाने. अहवाल मी वाचला होता. पण तो आकडा लिंबाखाली पोराला भरवत समोर बसलेला असतो, तेव्हा प्रवासी म्हणून आपण नुसतं बघून पुढं जावं, असं वाटत नाही.

म्हणून मला फ्रान्समधल्या त्या थांब्यांचं महत्त्व वाटतं. आपल्याकडेही कॅराव्हॅन पर्यटनाचं सरकारी धोरण २०२१ साली आलं. उद्या बीडमध्ये त्यासाठी थांबे बांधायचे झाले, तर ते रिसॉर्टच्या कुंपणात बांधू नयेत. मांजरसुंबा, पाटोदा, सौताडा, केज, तेलगाव अशा ठिकाणी, जिथं टोळ्या आणि दिंड्या आपोआप थांबतात, तिथं बांधावेत. चार नळ, बायांसाठी कडी लागणारे आठ-दहा संडास, न्हाणीघर, दिवा, राखणीला माणूस. कार्तिकात ऊसतोडीवाले वापरतील, आषाढात वारकरी, फाल्गुन-चैत्रात परतणाऱ्या टोळ्या, आणि मधल्या दिवसांत आमच्यासारखे फिरस्ते. धाब्यावरच्या त्या फ्रेंच बाई, दिंडीतल्या मावशी आणि ट्रॉलीतल्या मावशी या तिघींनी माझ्याशी एकाच गोष्टीबद्दल बोलावं, याहून मोठा पुरावा कुठल्या समितीला लागू नये. ट्रॅक्टरचं चाक बसलं तेव्हा मावशींनी जाता जाता बाजरीच्या दोन भाकरी आणि ठेचा दिला. मी पाण्याचा एक जार दिला. तो त्यांनी आढेवेढे न घेता घेतला, कारण पाण्याची किंमत त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होती.

परत फिरून केजवरून धारूर गाठलं. हा किल्ला १५६७ साली आदिलशाहीतल्या किश्वरखानानं बांधला आणि लवकरच तो निजामशाहीकडे गेला. धारूर-तेलगाव घाटात उसाच्या गाड्या सुरू झाल्या की वळणांवर फार सांभाळावं लागतं. रात्री हा घाट करू नये. दिवसाही दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरला आधी जाऊ द्यावं. या पट्ट्यातलं सीताफळ मात्र चुकवू नका. बालाघाटाच्या खडकाळ उतारांवर आपसूक वाढणाऱ्या या फळाला, बीडचं सीताफळ म्हणून, २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. हंगाम सरत आला होता. फळं लहान होती, पण त्या गोडीला तोड नाही.

अंबाजोगाई माहेर असल्यानं तिथं गाडीत झोपण्याचा प्रश्नच नव्हता; वहिनीनं ऐकलंच नसतं. योगेश्वरी ही कोकणस्थांची कुलदेवता, त्यामुळे रत्नागिरी-पुण्याकडच्या गाड्या देवळापाशी वर्षभर असतात. मुकुंदराजांच्या समाधीकडे उतरणारी वाट, दगडात कोरलेले हत्ती असलेलं हत्तीखाना लेणं आणि दासोपंतांची पासोडी, म्हणजे सोळाव्या-सतराव्या शतकातल्या या कवीनं चक्क कापडावर लिहिलेला ग्रंथ, हे पाहिल्याशिवाय गाव सोडू नये. परळीला वैजनाथाचं दर्शन घेतलं. अहिल्याबाई होळकरांनी जीर्णोद्धार केलेलं हे देऊळ, त्याच्या रुंद पायऱ्या आणि दगडी दीपमाळा पाहून निघालो.

शेवटचा मुक्काम माजलगाव तालुक्यात पुरुषोत्तमपुरीला, पुन्हा गोदावरीकाठी. यादव राजा रामचंद्राचा १३१० सालचा ताम्रपट इथं सापडला आहे, आणि पुरुषोत्तमाचं देऊळ अधिक महिन्यात लोकांनी फुलून जातं. देवाला अनारशांचं वाण देतात. १७ मे ते १५ जून २०२६ हा अधिक ज्येष्ठ आहे. देवळाजवळच्या दुकानदारानं आम्हाला शाळेचं मैदान दाखवलं. “दुपारी सावली फक्त त्या कडेला असते,” तो म्हणाला, “चार दिवस आधी फोन करा, लिंबाखालची जागा धरून ठेवतो. अन् ताई, शाळेतल्या संडासाची किल्ली हेडमास्तरांकडून आणून ठेवतो, त्याची काळजी नको.” त्याचा नंबर आम्ही घेतला आहे आणि सोबत आणखी तीन गाड्या निघायच्या आहेत.